घड्याळाची चेन घरीच काढा-बसवा, पण हत्यारं चेन बघून घ्या

ऑनलाइन दुकानात 'वॉच रिपेअर किट' असं शोधलं की शंभराहून जास्त नगांचा, काळ्या झिपच्या पाकिटातला संच काहीशे रुपयांत समोर येतो. तो घेऊ नका. चेन काढायला आणि दोन कड्या कमी करायला त्यातल्या तीन-चारच वस्तू लागतात, आणि नेमक्या त्याच बहुतेक वेळा कच्च्या पोलादाच्या निघतात. पहिल्या-दुसऱ्या पिनेतच टोक वाकतं, निसटतं आणि केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, पॉलिशवर ओरखडा उमटतो. स्टीलवरचा ओरखडा घरी निघत नाही, ब्रश फिनिशवर तर प्रयत्न केला की जास्तच दिसतो.

तेवढ्याच पैशांत दोन-तीन बऱ्या वस्तू येतात. मात्र त्या कोणत्या, हे तुमच्या चेनमध्ये कड्या कशाने जोडल्या आहेत त्यावर ठरतं. म्हणून खरेदीआधी दहा मिनिटं घड्याळ हातात घेऊन नीट बघायचं. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढला तरी चालतं, भिंग असेल तर उत्तम.

आधी चेन ओळखा

स्टीलच्या चेनमध्ये जोड दोन ठिकाणी असतात. एक, जिथे चेन घड्याळाच्या केसला मिळते. केसचे जे चार पाय बाहेर आलेले असतात त्यांना लग म्हणतात. समोरासमोरच्या दोन लगांमध्ये एक बारीक दांडी अडकवलेली असते. तिच्या आत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकं दाबली की आत जातात. हा स्प्रिंग बार. दुसरा जोड म्हणजे कडी आणि कडीमधला, आणि त्याचेच प्रकार जास्त आहेत.

चेन उलटी करून आतली बाजू बघा. लॉकच्या जवळच्या चार-पाच कड्यांवर बारीक बाण कोरलेले दिसले तर आत पिन आहे आणि ती बाणाच्या दिशेने बाहेर निघते. टायटन, सिटिझन, सेको आणि आपल्याकडच्या बहुतेक मध्यम किमतीच्या घड्याळांत हेच सापडतं.

बाण नसतील तर कडीची कड बघा. एका बाजूला स्क्रूच्या डोक्यावर असते तशी स्पष्ट, रुंद खाच असेल आणि दुसरी बाजू सपाट असेल, तर तो स्क्रू. दोन्ही बाजूंना खाच असेल तर दोन्हीकडून स्क्रू लावलेला असू शकतो. अशा वेळी दोन स्क्रू ड्रायव्हर एकाच वेळी धरावे लागतात, नाहीतर एकीकडे फिरवताना दुसरं टोकही सोबत फिरत राहतं.

फसगत होते ती एका ठिकाणी. चिरलेल्या पिनेचं टोक मधोमध फाकलेलं असतं, आणि ती फट कडेने बघितली की स्क्रूच्या खाचेसारखीच दिसते. स्क्रू समजून त्यात ड्रायव्हर घातला की पिनही खराब होते आणि ड्रायव्हरचं पातंही. आत बाण असेल तर ती पिनच आहे असं धरून चाला, मग खाच कितीही स्क्रूसारखी दिसो.

बाणवाल्या चेनमध्येही दोन जाती आहेत. एक ही चिरलेली पिन. तिचं फाकलेलं टोक भोकात दाबून बसतं आणि त्यानेच ती अडकून राहते. दुसरी म्हणजे साधी गुळगुळीत पिन आणि कडीच्या आत बसवलेली दोन-तीन मिलिमीटरची बारीक नळी. पिन त्या नळीत घट्ट बसते. सेको आणि सिटिझनच्या बऱ्याच चेनमध्ये ही नळी असते. पिन काढताना ती बाहेर पडली आणि गालिच्यात गेली, तर चेन पुन्हा जोडता येते, पण पिन धरून ठेवायला आत काही उरत नाही. दोन्ही टोकं सारखी गोल आणि सबंध दिसत असतील तर आत नळी आहे असं समजूनच कामाला लागा.

दोन प्रकार यात बसत नाहीत. कॅसिओ ए१५८ सारख्या हलक्या डिजिटल घड्याळाच्या चेनमधून कड्या काढायच्याच नसतात. लॉकच्या पट्टीवर एक छोटी झडप असते. ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचलायची, लॉक हवं तिथे सरकवायचं आणि झडप दाबून बंद करायची. इतकंच. आणि आजोबांच्या एचएमटीला असतो तो ताणला जाणारा, हात सरळ आत घालायचा पट्टा. त्यात आतल्या बाजूचे पत्र्याचे कान उघडून यू आकाराचे बारीक दुवे काढावे लागतात. जुना पत्रा तुटतो, त्यामुळे तो पट्टा घड्याळजीकडे दिलेला बरा.

कोणती हत्यारं घ्यायची

सगळ्यात जास्त पैसे ज्यावर घालावेत ते हत्यार म्हणजे स्प्रिंग बार टूल. पेनाएवढी दांडी, एका टोकाला बारीक दुहेरी काटा, दुसऱ्याला टोकदार सुई. चांगल्या आणि वाईट टूलमधला सगळा फरक काट्यात असतो. स्टीलच्या चेनची शेवटची वळणदार कडी, जिला एंड लिंक म्हणतात, ती लगांच्या मध्ये इतकी घट्ट बसते की काटा घालायला केसाएवढीच जागा उरते. जाड काटा तिथे शिरतच नाही, मग माणूस जोर लावतो आणि लगच्या आतल्या बाजूला खरवडा उठतो. स्वित्झर्लंडच्या ल लोकल गावातली बर्जॉन ही कंपनी १७९१ पासून घड्याळजींची हत्यारं बनवते. तिचं ६७६७ हे टूल बऱ्याच घड्याळजींकडे दिसतं. त्यात एफ म्हणजे बारीक काट्याचं आणि एस म्हणजे रुंद काट्याचं. स्टीलच्या चेनला एफ घ्या. चामड्याच्या पट्ट्याला जागा भरपूर असते, तिथे एस बरं पडतं कारण रुंद काटा सहज निसटत नाही. बर्जॉनच घ्यायला हवं असं नाही. पण जे घ्याल त्याचा काटा बारीक, कडक आणि बदलता येणारा असावा. नुसती दांडी चकचकीत असून उपयोग नाही.

याच कंपनीचा ७८२५ नावाचा चिमटा आहे. तो स्प्रिंग बारच्या दोन्ही टोकांना एकदम दाबतो आणि एंड लिंक सरळ वर निघते. सुंदर वस्तू आहे आणि महागही. घरात घड्याळं चार-पाच असतील आणि पट्टे दर महिन्याला बदलायची हौस असेल तर पैसे वसूल होतात. एका घड्याळासाठी घेऊ नये.

कड्यांसाठी काय लागेल हे वरच्या ओळखीवरून ठरतं.

पिनवाल्या चेनला बाजारात दोन साधनं मिळतात. एक म्हणजे कडी ठेवून मागून स्क्रू फिरवत पिन ढकलणारा सांगाडा. निळ्या प्लॅस्टिकचा सगळीकडे दिसतो, पण दोन-तीन वापरांत त्याचे आटे झिजतात. घ्यायचाच तर धातूचा, चेनची उंची कमी-जास्त करता येणारा आणि सोबत जादा टोकं असलेला घ्या. टोकं वाकणारच, ती वापरून संपायचीच वस्तू आहे. दुसरं साधन म्हणजे खाचा पाडलेला प्लॅस्टिकचा ठोकळा, बारीक पंच म्हणजे पिन ठोकून ढकलायची सळई, आणि छोटी हातोडी. मला हे दुसरं जास्त आवडतं, कारण याने पिन काढताही येते आणि परत बसवताही येते. सांगाडा काढण्याचं काम बरं करतो, बसवण्याचं वाईट. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा. चेनच्या पिना बहुधा ०.८ ते १ मिमी जाड असतात, तेव्हा ०.७ किंवा ०.८ मिमीचा पंच पुरतो. शिवाय एक आखूड, जाड मुळाचा पंच घ्या. अडलेली पिन पहिल्यांदा हलवायला तो लागतो, लांब बारीक पंच त्या पहिल्या ठोक्यालाच वाकतो. हातोडी ५० ते १०० ग्रॅमची, पितळी किंवा नायलॉन डोक्याची. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरवाल्यांकडे अशी हातोडी विचारून बघा. घरची खिळे ठोकायची हातोडी इथे आणू नका.

स्क्रूवाल्या चेनला हवा चपट्या पात्याचा बारीक ड्रायव्हर. १.२, १.४ आणि १.६ मिमी ही तीन मापं असली की बहुतेक घड्याळं होतात. पातं खाचेच्या पूर्ण लांबीएवढं रुंद आणि खाचेत डुगडुगणार नाही इतकं जाड असावं. अरुंद पातं खाचेच्या मध्यावर जोर देतं, आणि घसरलं की स्क्रूचं डोकंही गेलं आणि कडीवर रेघही आली. चष्म्याच्या दुकानातला ड्रायव्हर दिसायला तसाच असतो, पण त्याच्या पात्याचं पोलाद बऱ्याचदा मऊ असतं.

बाकीचं किरकोळ. कॅप्टन टेप म्हणजे ती पिवळसर, पारदर्शक, पातळ पट्टी. इलेक्ट्रॉनिक्सची कामं करणारे तिला कॅप्टॉनही म्हणतात, लॅमिंग्टन रोडला मिळते. तिचा डिंक मागे राहत नाही. ती नसेल तर रंगाऱ्यांची मास्किंग टेप. चष्मा पुसायचं मऊ कापड, काठ असलेली पांढरी थाळी, भिंग आणि डोळ्यांना साधा प्लॅस्टिकचा गॉगल. गॉगल ऐच्छिक नाही. दाबलेला स्प्रिंग बार सुटला तर तो तोंडासमोरूनच उडतो. काही जण हात आणि घड्याळ मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून हे काम करतात. दिसायला गमतीशीर, पण बार हरवत नाही.

जादा स्प्रिंग बार आधीच आणा

लगांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजा. बहुतेक वेळा १८, २० किंवा २२ मिमी येतं, बायकांच्या घड्याळांत त्याहून कमी. त्याच मापाचे चार-सहा बार घेऊन ठेवा. जाडीही बघा, साधे बार १.५ किंवा १.८ मिमीचे असतात. सेकोच्या डायव्हर घड्याळांचा मामला निराळा आहे. १९९६ पासून आलेल्या एसकेएक्स००७ सारख्या घड्याळात २.५ मिमी जाडीचा दणकट बार असतो आणि त्याचं टोक १.१ मिमीचं. त्या भोकात साधा बार घातला तर बसतो, पण टोक सैल राहून खडखडतं, आणि समुद्रात घड्याळ गमावण्याची ती तयारी ठरते. गणपतीपुळ्याला घड्याळ घालून पाण्यात उतरणार असाल तर हे लक्षात ठेवा.

लगांना बाहेरून आरपार भोकं असतील तर काम फार सोपं आहे. टूलच्या सुईने बाहेरून टोक दाबायचं, चेन सुटते. अशा घड्याळाला काट्याची गरजच नाही.

चेन केसपासून काढताना

१. टेबलावर मऊ कापड घाला, घड्याळ काच खाली करून ठेवा. चारही लगांच्या आतल्या आणि मागच्या कडांना टेप लावा. टेप भोकावर येऊ देऊ नका.

२. लॉक उघडा, म्हणजे चेन सपाट पसरेल. एंड लिंकच्या मागे, लगला लागून बारीक खाच दिसेल. काटा तिथूनच आत जातो.

३. काटा बारच्या टोकाजवळच्या कडेमागे अडकवा आणि लगपासून दूर, चेनच्या मध्याकडे ओढा. खाली किंवा वर उचकटायचं नाही, फक्त आडवं. बारचं टोक आत गेलं की त्याच वेळी दुसऱ्या हाताने एंड लिंक अर्धा-एक मिलिमीटर बाहेर ढकला. टोक भोकातून सुटून लगच्या आतल्या भिंतीवर टेकतं आणि परत भोकात जात नाही.

४. आता दुसरं टोक तसंच सोडवा. एंड लिंक हातात येते. तिच्यातला बार लगेच थाळीत टाका.

जोर लागत असेल तर थांबा. बहुधा काटा बारच्या कडेला न लागता एंड लिंकच्या पत्र्याला लागलेला असतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या चेनमध्ये घाम आणि साबणाचा राप जमून बार अडतो. मे महिन्यातला मुंबईचा घाम सोसलेल्या चेनला हे हमखास होतं. मऊ टूथब्रशने सांधा घासून कोरडा करा, मग पुन्हा प्रयत्न करा.

कड्या काढायच्या आधी लॉक तपासा

कितीतरी वेळा कडी काढायची गरजच नसते. लॉकच्या कडेला तीन-चार भोकांची रांग असते. टूलच्या सुईने किंवा लाकडी टूथपिकने त्यातला बार दाबून शेजारच्या भोकात सरकवला की चेन थोडी घट्ट किंवा सैल होते. बार दाबताना वरून अंगठा ठेवा. फरक एका कडीपेक्षा कमी असेल तर इथेच काम संपतं.

माप घेताना घड्याळ हातावर चढवून मनगट उलटं करा. करंगळी चेनखाली सरकली पाहिजे, पण घड्याळ फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला येता कामा नये. माप संध्याकाळी घ्या. दिवसभराच्या उष्म्याने मनगट थोडं सुजतं, आणि सकाळी चपखल बसवलेली चेन दुपारी काचते.

कड्या काढायच्याच असतील तर सम संख्येत दोन्ही बाजूंनी सारख्या काढा. एक किंवा तीन काढायच्या असतील तर जास्तीची कडी डायलवरच्या सहाच्या आकड्याच्या बाजूची घ्या, मग लॉकच्या भोकांनी जुळवा. लॉक मनगटाच्या बरोबर खाली मध्ये यायला हवं.

पिन काढणं आणि बसवणं

चेन ठोकळ्याच्या खाचेत उभी ठेवा, बाणाचं टोक खाली. आखूड पंच पिनेच्या मधोमध धरून हलका पण ठाम ठोका द्या. घाबरत दिलेले दहा हलके ठोके पिनेचं डोकं चेपतात, हलवत काही नाहीत. पिन हलली की लांब पंच घ्या. खालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली की पकडीने सरळ ओढा. सांगाडा वापरत असाल तर त्याचं टोक भोकाच्या केंद्रावर आलं आहे का हे भिंगातून बघूनच फिरवा. फिरवताना अचानक जड लागलं की थांबून पुन्हा मांडा.

नळीवाली चेन असेल तर हे सगळं थाळीच्या वर करा. पिन निघाल्यावर कडी हलकेच झटका. नळी पडली तर तिथेच सापडेल, नाही पडली तर ती कडीतच आहे. सुई घालून खात्री करा.

परत बसवताना चिरलेली पिन बाणाच्या उलट दिशेने घालायची, सबंध टोक आधी आणि फाकलेलं टोक शेवटी. बोटाने जाईल तितकी घालून उरलेली हातोडीने. शेवटी पंचाने ती दोन्ही बाजूंना कडीच्या पृष्ठभागाशी सपाट करा. पिन सैल वाटली तर तिची फट पातळ पात्याने किंचित उघडता येते, पण नवी पिन घालणं जास्त भरवशाचं. नळीच्या प्रकारात आधी नळी आपल्या जागी, मग पिन. शेवटचे काही मिलिमीटर ठोकूनच गेली पाहिजे. बोटाने पूर्ण आत गेली, तर नळी थाळीत राहिली आहे.

स्क्रूवाली चेन

बहुतेक कारखाने स्क्रूच्या आट्यांना डिंक लावतात, म्हणून पहिलं वळण जड जातं. चेन केसपासून वेगळी करा आणि अडलेल्या कडीवर मिनिटभर हेअर ड्रायर धरा. घड्याळ जोडलेलं असताना हे करू नका, आतल्या रबरी सीलला उष्णता मानवत नाही. ड्रायव्हर खाचेत खाली दाबून धरा आणि मग फिरवा. जोर दाबण्यात जास्त, फिरवण्यात कमी.

परत लावताना आटे पुसून लॉकटाइट या आट्यांच्या डिंकातल्या २२२ चा, म्हणजे जांभळ्याचा, सुईच्या टोकाएवढा थेंब. निळं २४३ इतक्या बारीक स्क्रूला जास्तच पकडतं आणि लाल २७१ लावलं तर पुढच्या वेळी स्क्रूच तुटेल. फेव्हिक्विक अजिबात नको, ते कड्यांच्या सांध्यात पसरतं आणि चेन वाकतच नाही. डिंक न लावता घट्ट पिळून ठेवलेले स्क्रू चालण्या-फिरण्याने सैल होतात, आणि कोणत्या दिवशी होतील ते सांगता येत नाही.

चेन परत केसवर

एंड लिंकमध्ये बार घाला. त्याचं एक टोक एका लगच्या भोकात टेकवा. दुसरं टोक काट्याने दाबून लगच्या आतल्या कडेवरून सरकवा. भोकापर्यंत आलं की स्प्रिंग ते बाहेर फेकते आणि बारीक टक असा आवाज येतो. लगची आतली बाजू खरवडते ती याच क्षणी, म्हणून काढताना लावलेला टेप अजून काढू नका. आवाज आला नाही तर एंड लिंक डावी-उजवीकडे हलवा, टोक आपसूक भोकात शिरतं.

मग मऊ कापडावर, फार उंचीवर नाही, चेन धरून घड्याळाला सात-आठ वेळा हलके हिसके द्या, एकेक बाजू वेगळी. बार अर्धा बसला असेल तर तो आत्ता सुटू दे, रस्त्यावर नको. बाहेरून भोकं दिसत असतील तर भिंगाने बघा, दोन्ही टोकं सारखीच बाहेर आली पाहिजेत.

हे घरी करू नका

सिरॅमिकच्या कड्यांवर हातोडी नको, त्या तडकतात. सोन्याच्या मुलाम्याची चेन टेप लावूनही खरवडते. टायटॅनियम स्टीलपेक्षा हलकं असलं तरी त्याच्यावर ओरखडे लवकर उमटतात, तेव्हा टेप दुहेरी लावा. वॉरंटीतलं महागडं घड्याळ असेल तर नव्याने घेताना दुकानातच चेन मापाची करून घ्या, बहुतेक ठिकाणी विकत घेतानाच करून देतात. आणि एखादा स्क्रू किंवा पिन दोन-तीन ठाम प्रयत्नांत हलली नाही तर चौथा प्रयत्न घड्याळजीच्या टेबलावर होऊ द्या.

काढलेल्या कड्या त्यांच्या पिना आणि नळ्यांसकट छोट्या झिपच्या पिशवीत घाला, वर घड्याळाचं नाव आणि लगचं माप लिहा आणि पिशवी घड्याळाच्या डबीतच ठेवा. उद्या हात जाड झाला, घड्याळ मुलाला दिलं किंवा विकायला काढलं, तर पहिली चौकशी या कड्यांचीच होते.